इम्फाळची भाऊबीज

एर्लांगेन
११ ऑक्टोबर २०२२

प्रिय मनोरमाताई,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच मान्य करून घे.

परवा फोनवर तुला सगळं समजावलं, पण तू फोनवर नुसतं "हो रे, कळलं रे" करतेस आणि मागे तुझा मिक्सर चालू असतो. म्हणून कागदावर लिहितो. तिथे पोचल्यावरही फोन करायचा नाही. ज्यांच्या घरात राहायचं त्यांच्याबद्दल फोनवर कसं बोलणार? लिहायचं, पानांचे फोटो काढायचे, पाठवायचे. मीही तेच करीन. कागदावर माणूस निदान विचार करून खोटं बोलतो.

आल्झो, म्हणजे तर, काम असं आहे. आमच्या कुहूने मुलगा ठरवलाय. नाओबा लाइश्रम, मूळचा इम्फाळचा, मणिपूरचा. हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत सोल डिझाइन करतो. मी इचलकरंजीहून टर्नर म्हणून इथे आलो तेव्हापासून बेअरिंगचा आवाज ऐकून मशीनला कुठे दुखतंय ते सांगतोय. आज आसपासच्या कारखान्यांत काही कुरकुरलं की इंजिनियर लॅपटॉप बंद करतात आणि मला बोलावतात. या पोराचाही आवाज नीट ऐकला. कुठेच खरखर नाही. इतकं गुळगुळीत चालणारं मशीन मला आवडत नाही.

खरं दुखणं तुला सांगतो. तो म्हणतो, काही वर्षांनी इम्फाळला परत जाणार आणि तिथेच कारखाना काढणार. म्हणजे कुहूही जाणार. आमची एकुलती एक. नकाशात पाहिलं, गाव चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. मला "नाही" म्हणायला एक धड कारण हवंय. एकच पुरे.

त्याची आई मेमचा घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने देते. तू म्युनिकची कुणी श्रीमती कानिटकर, हौशी प्रवासी. कुहूला नीलांबरीने आणि मी सांगितलंय की आत्या दात करायला पुण्याला गेली. लाजू नकोस. तुझ्या सासरची चौकशी बाबांनी त्यांच्या दूधवाल्याकडे केली होती. आपण निदान भाडं भरतोय.

तुझा,
दिनू

---

इम्फाळ
१६ ऑक्टोबर

चि. दिनूस अनेक आशीर्वाद,

कंबरेला शेक दे आणि हुकूम सोडणं कमी कर. हुकमांनीच धरली असेल.

विमान खाली यायला लागलं आणि मी कपाळ काचेला लावून बसले. परात असते ना, तसं आहे हे. मधे सपाट हिरवं खोरं आणि सगळीकडून डोंगरांची कड. साडेचारला इथे दिवेलागण होते. पहिल्या दिवशी मला वाटलं माझं घड्याळच बिघडलं.

इथे बायकांचा बाजार आहे, इमा कैथेल. इमा म्हणजे आई. हजारो गाळे आणि विकायला बसलेल्या सगळ्या बायकाच, त्याही लग्न झालेल्याच. पुरुषाने गिऱ्हाईक व्हायचं, पिशवी धरायची आणि निघायचं. बायका एकीकडे मासे तोलतात, दुसरीकडे सरकारची सालं काढतात. एकीशी घासाघीस करायला गेले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सांगितलेल्यापेक्षा जास्तच देऊन आले. दुसरीने मात्र जागा करून बसवलं, तराजू माझ्या हातात दिला आणि स्वतः जेवायला गेली. मी दोन गिऱ्हाइकं केली! आयुष्यभर म्युनिकच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबले, पण गल्ल्यावर कुणी बसवलं नव्हतं.

कांगला किल्ला पाहिला. राजवाडा गेला, तरी खंदकाचं पाणी अजून ऐटीत आहे. पोलोचं मैदान पाहिलं. पोलो मूळचा आपलाच, असं इथे रिक्षावाल्यापासून सगळे सांगतात. घोडे इतके बुटके की स्वाराचे पाय आता जमिनीला लागतात की मग, पण धावतात कसले! लोकताकच्या तळ्यावर गेले. तिथे गवताची बेटं तरंगतात. काल होतं तिथे आज बेट नसतं. एरोम्बा खाल्लं. आंबवलेल्या मासळीत घोटलेली भाजी. पहिल्या घासाला तुझी आठवण आली, तिसऱ्याला मागून घेतलं.

घर स्वच्छ आहे. अंगणात तुळस आहे. माणसं बरी आहेत.

नीलांबरीला आशीर्वाद.

ताई

---

एर्लांगेन
१८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

बाजार, घोडे, तळं, तरंगती बेटं, आणि ज्यांच्यासाठी पाठवलं त्यांच्यावर शेवटी तीन शब्द. "माणसं बरी आहेत." तू लग्नानंतर सासरहून पहिलं पत्र लिहिलंस त्यातही अगदी हेच तीन शब्द होते, आणि पुढच्या आठवड्यात बाबा तुला घेऊन आले होते. मला ऐकू येतं, ताई. काय झालंय? त्यांनी ओळखलं का? स्वतःबद्दल काय सांगितलंस?

इकडे शनिवारी नाओबा जेवायला आला होता. नीलांबरीने थालीपीठं केली. आपली कुहू, आपल्या पोटची, "काय गं, लोणी देऊ?" विचारलं तर जर्मनमध्ये "नाइन, डांके" म्हणते. आणि हा मणिपुरी पोरगा म्हणतो, "काकू, अजून एक वाढा ना." मी विचारलं, मराठी कुणी शिकवलं? म्हणे यू-ट्यूबने. मग नीलांबरी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, आता तरी हो म्हणा." मी म्हटलं, "थालीपिठासाठी माणूस काय वाट्टेल ते शिकतो." तिने उलथनं आपटलं. तव्यावर नाही, माझ्या शेजारी.

माझी बाजू कमजोर पडतेय. कारण शोध.

दिनू

---

इम्फाळ
२१ ऑक्टोबर

चि. दिनू,

ओळखलं नाही. पण एक घोळ झालाय, आणि तो तुझ्याच कामापायी, तेव्हा आधी रागाव मग वाच.

या घरावर राज्य चालतं ते नाओबाच्या आजीचं. सगळे तिला आबोक म्हणतात. तिला फक्त मैतेई येतं, पण प्रश्न विचारायला तिला भाषा लागत नाही. नाओबाचे वडील कुंजो तिच्या शेजारी बसून हिंदीत सांगत जातात. ते घोड्यांचे डॉक्टर आहेत, माणसांशी बोलतानाही आधी मानेवर हात ठेवतात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आबोकने चौकशी मांडली. नवरा? गेला. मुलं? नाहीत. भाऊ?

आता काय सांगणार होते? भाऊ आहे म्हटलं तर कुठे, काय करतो, त्याला मुलं किती, आणि दोन प्रश्नांत कुहू बाहेर. म्हणून म्हटलं, "भाऊ नाही."

आबोकच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. कुंजो उठून बाहेर गेले. मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं.

काल कुंजो आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, हातात पान-सुपारी घेऊन अंगण ओलांडून माझ्या खोलीच्या दाराशी आले. रोज चहा विचारायला येणारा माणूस, पण काल दारात थांबून परवानगी मागितली. इथे निंगोल चाकौबा नावाचा सण असतो. लेकी-बहिणींना माहेरी जेवायला बोलावतात, भाऊ स्वतः वाढतात, जेवण झाल्यावर भेट देतात. तो नेमका आपल्या भाऊबीजेलाच येतो. म्हणाले, "दीदी, जिसका कोई भाई नहीं, उसका भी मायका होना चाहिए। आप इस घर में खाइए।"

मी काय बोलणार? पान घेतलं. सणाचं पान परत करतात का?

आणि एक सांगू? तुझी भाऊबीज दर वर्षी ऑनलाइन कूपनाने येते. पान-सुपारी घेऊन दारात कुणी उभं राहिलं नव्हतं.

काय करू ते लवकर कळव.

ताई

---

एर्लांगेन
२३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

मेलेला भाऊ लिहितोय. वरती बरं चाललंय, बेअरिंगं इथेही कुरकुरतात.

कूपनाचा टोमणा पोचला. नीलांबरीने तो मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

पण तू घाबरतेस कशाला? उलट यापेक्षा चांगली संधी नाही. सणाला सगळं कुटुंब एकत्र येतं, माणसं पोटभर जेवलेली असतात, जिभा सैल होतात. जा, जेव, ऐक. कोण कुणावर डाफरतं, सुनेला शेवटी वाढतात का, म्हातारीचा कोणावर राग आहे, सगळं टिपून ठेव. आणि काम कच्चं करू नकोस. आपल्या पद्धतीने औक्षणही कर त्या घोडेवैद्याचं. तबक, दिवा, सुपारी माग. त्यांना वाटलं पाहिजे की बाई मनापासून आलीय.

संशयाला जागा ठेवायची नाही. हेर असावा तर असा.

दिनू

---

इम्फाळ
२७ ऑक्टोबर

दिनू,

तुझं ऐकलं. आता वाच.

काल सकाळपासून घरात मासे. नुसते मासे. भाऊबीजेला मासे म्हणजे आपल्या आईने घर डोक्यावर घेतलं असतं. कुंजोंच्या दोन बहिणी आल्या, आत्या आल्या, सगळ्या ठेवणीतल्या फनेक, इथली रेघांची लुंगी, नेसून. त्यांच्या रांगेत माझं ताट. सुनेला शेवटी वाढतात का ते बघायला सांगितलं होतंस ना? मेमचा घरात नव्हतीच. ती स्वतः माहेरी गेली होती, तिच्या भावाकडे जेवायला. वाढत होते ते सगळे पुरुष. ज्या घरात सणाला सासू सुनेला "लवकर निघ, तुझा भाऊ वाट बघत असेल" म्हणते, त्या घरातून मी काय कारण काढू?

जेवायला बसण्याआधी मी तबक मागितलं. कुंजोंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांना काही कळलं नाही, पण हात जोडून बसले होते. सगळ्या बायका उठून बघायला आल्या. मग जेवण. मग काळ्या तांदळाची खीर. मग कुंजोंनी मला शाल दिली, आबोकने डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं. दिनू, मी रडले. हेरगिरी म्हणून नाही.

आणि तेवढ्यात कुंजोंचा फोन वाजला. कुहू. सणाच्या शुभेच्छा द्यायला, व्हिडिओवर! त्यांनी हौसेने फोन फिरवून रांगेतली एकेक बहीण दाखवली. मी तोंड वळवलं, पण शाल नवीन, सरकली.

"आत्या?!" मग जर्मनमध्ये बरंच काही. मी म्हटलं, "दात करायला आले होते गं." याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोलले नाही.

कुंजोंनी विचारलं, "आत्या मतलब?" तर तिने नाओबाकडून शिकलेल्या हिंदीत सांगून टाकलं, "मेरी बुआ। पापा की सगी बहन।"

कुंजोंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कुंजो असे हसायला लागले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांच्या बहिणी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. एकटी आबोक हसली नाही. तिने सगळं नीट समजावून घेतलं आणि निकाल दिला. ही आमच्या पंक्तीत जेवली, आमची शाल घेतली, स्वतःच्या रीतीने दिवाही ओवाळला. ही आता आमची लेक, कुंजोची बहीण. मग हिच्या भावाची मुलगी म्हणजे कुंजोच्याच भावाची मुलगी. नाओबाची बहीण. घरच्या मुलीला सून करतात का कुठे?

मी म्हटलं, मी खोटं बोलले होते, माफ करा. ती म्हणाली, तू खोटं बोललीस, पण जेवण खरं होतं.

कुंजो रात्री मला म्हणाले, "मैं घोड़ों का डॉक्टर हूँ दीदी, माँ का नहीं।" मेमचा माहेरहून आल्यापासून माझ्याशी बोलत नाही.

तुला एक धड कारण हवं होतं. हे घे. याच्याइतकं धड दुसरं मिळायचं नाही.

मनोरमा

---

एर्लांगेन
३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

कारण मिळालं. मी आनंदाने नाचायला हवं. दोन दिवस धड जेवलोही नाही, आणि कंबरेचं निमित्त आता कुणी ऐकत नाही.

कुहू परवा संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आली. मी लेथ बंद केला, म्हटलं आता जर्मनमध्ये झाडणार, झाडू दे. ती स्टुलावर बसली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, झालं ना तुझ्या मनासारखं?" शुद्ध मराठी. एकही चूक नाही. मी घाबरलो, ताई. ही मुलगी माझ्याशी मराठीत शेवटचं बोलली ती शाळेत जायच्या आधी.

बाहेर नाओबा उभा होता, आजीशी फोनवर. एक शब्द कळला नाही. पण आवाज कळला. रडगाणं नव्हतं, तावातावाने भांडणं नव्हतं. आजीला समजावत होता आणि तिचं ऐकूनही घेत होता. मधे बराच वेळ गप्प राहिला. एवढा वेळ गप्प राहून ऐकणारा जावई मला या देशात कुठे मिळणार? आणि इम्फाळ लांब आहे म्हणतो मी. इचलकरंजीहून एर्लांगेन काय जवळ होतं? बाबांनी माझ्यामागे कुणी हेर पाठवला नव्हता.

गेनाऊ, अगदी बरोबर. तेव्हा आता डोकं चालवू. आबोकचं चुकतंय कुठे? कुठेच नाही, तिचा हिशोब पक्का आहे. तू तिची लेक, आणि तू माझी बहीण. दोन्ही एकाच वेळी खरं आहे म्हणून पोरं भावंडं होतात. मग त्यातलं एक काढून टाकायचं. तिचं निघत नाही, तू जेवलीस. उरलं माझं.

आपल्याकडे दत्तक गेलेलं माणूस मूळ घराचं राहत नाही. मी तुला लाइश्रमांना दत्तक देतो. मग तू माझी कुणी नाहीस, कुहू तुझी कुणी नाही, आणि पोरं मोकळी. तू म्हणशील, माझं लग्न झालंय, मला एकदा देऊन झालंय. ते बाबांनी दिलं होतं. मी कुठे दिलं होतं?

वेड्यासारखं वाटतंय, कबूल. पण वेडेपणाची सुरुवात मीच केली, तेव्हा शेवटही मला करू दे. विचार आबोकला.

दिनू

---

इम्फाळ
६ नोव्हेंबर

श्री. दीनानाथ यांस,

पत्राचा मायना वाचून दचकला असाल. पुढे कळेल.

तुमचं पत्र कुंजोंनी दोन दिवस आईला समजावलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ठीक, पण देणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने द्यायला हवं. त्याच्या भाषेत, मी ऐकणार. कुंजो म्हणाले, इमा, तुला मराठी कळणार नाही. ती म्हणाली, शब्द नकोत. माणूस देतोय की टाकून देतोय, ते आवाजात कळतं.

म्हणून काल तो फोन. इकडे अंगणात सगळे बसलेले, फोन स्पीकरवर तुळशीच्या कट्ट्यावर. तुम्ही म्हणालात, "ही माझी बहीण मनोरमा." आणि पुढे काहीच नाही. नंतर तुम्ही मेसेज केलात की लाइन गेली होती. लाइन गेली नव्हती. नीलांबरीचा आवाज येत होता, "अहो, बोला ना." आणि मग तुम्ही बोललात, "तुम्हाला दिली." एवढंच.

आबोकने मान हलवली. म्हणाली, "देतोय. टाकत नाहीये." मग मला जवळ बसवलं आणि नातवाच्या लग्नाचं बोलायला सुरुवात केली. मेमचा आत जाऊन चहा ठेवून आली आणि माहेरहून आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "दीदी, साखर किती?"

तेव्हा आता मी मुलाची आत्या. वरपक्ष. यापुढे जरा जपून बोलायचं. फेब्रुवारीत कुंजो, मेमचा आणि मी एर्लांगेनला मुलगी मागायला येतोय, लग्नही त्याच फेरीत लावू. इथल्या रीतीने वरपक्ष फळांच्या टोपल्या घेऊन येतो. आवळा आणि इथली फळं, झाडपाल्यासकट. विमानतळावर कस्टमचे लोक काय करतात ते बघू. आमचा मान राखा. पाय धुवायला पाणी, बसायला चांगल्या खुर्च्या, आणि तुमच्या बैठकीतला तो करकरणारा सोफा नको.

मुलगी देताय ना? स्पष्ट लिहा.

मनोरमा लाइश्रम (तात्पुरती)

---

एर्लांगेन
८ नोव्हेंबर

मनोरमाबाई,

दिली.

कुहूला सांगितलं. तिने मिठी मारली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली, तेव्हा जिवात जीव आला.

टोपल्या घेऊन या. दोन दिवस वरपक्ष म्हणून ऐटीत राहा, काय मान हवा तो घ्या. लग्न लागलं की तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, पान-सुपारी घेऊन तुमच्या दारात उभा राहीन. एकदा नवरा-बायको झाल्यावर कोण कुणाची भावंडं, ते आबोकही विचारणार नाही. तुम्हाला जेवायला बोलवायचंय. माझ्या घरी, मासे नसतील, पुरणपोळी असेल, आणि वाढायला मी.

या गेल्या भाऊबीजेला नाही जमलं. आणि पुढच्या भाऊबीजेपर्यंत मी थांबू शकत नाही.

तुमचा कुणी नाही,
दिनू